बारक्या मुंगळ्याचं गुऱ्हाळ

एक होता मुंगळा. त्याचं नाव बारक्या.

बारक्या राहायचा गुऱ्हाळाच्या भिंतीत. गुऱ्हाळ म्हणजे उसाच्या रसाचा गूळ करायची जागा. तिथं गुळाच्या ढेपा होत्या. मोठ्या मोठ्या ढेपा. बारक्यापेक्षा मोठ्या. मांजरापेक्षा मोठ्या. तुझ्या उशीपेक्षाही मोठ्या.

एके दिवशी बारक्याला एक खडा सापडला. गुळाचा खडा. तिळाएवढा. सांडलेला. बारक्यानं तो डोक्यावर घेतला आणि घरी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

एवढ्यात आला खराटा. फर्रर्र.

बारक्या उडाला इकडं. खडा उडाला तिकडं. तिकडं होता पाण्याचा पाट. डुबुक. खडा विरघळला. संपला.

एवढ्या ढेपांच्या ढिगात एवढासा खडा. तोही मुंगळ्याला मिळू नये म्हणजे काय?

बारक्या पाटाच्या काठावर बसला. त्यानं मिशा पुसल्या. तो म्हणाला, "माझा गूळ मी करीन. माझं गुऱ्हाळ मी काढीन."

तेवढ्यात रस्त्यानं ट्रॉली आली. उसानं भरलेली. धडधड, धडधड. वरचा एक ऊस घसरला. धप्प. पडला थेट बारक्यापुढं. ट्रॉली गेली पुढं. परत काही आली नाही.

ऊस मिळाला. पण ऊस उन्हात सुकतो. आज पिळला तर गोड. उद्या पिळला तर आंबट. म्हणजे गूळ करायचा तो आजच. सूर्य मावळायच्या आत.

बारक्यानं पायांवर मोजलं. "ऊस तोडणारा एक. घाणा फिरवणारा एक. काहील मांडणारा एक. जाळ घालणारा एक. पाक बघणारा एक. पाच जण लागतात. मी तर एवढासा. माझ्यानं काय होणार? मी भागीदार जमवतो."

आणि बारक्या निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

बांधाच्या बिळात राहायचा उंदीर. त्याचे दात लांब. दिवसभर काहीतरी कुरतडायचा. कुरुम कुरुम. कुरुम कुरुम.

बारक्या म्हणाला, "उंदीरमामा, उंदीरमामा, भागीदार व्हा. ऊस तोडा.

उंदीर तोडेल ऊस, मग माझा होईल गूळ."

उंदीर म्हणाला, "गुऱ्हाळ काढतोस? वा रे वा. काढ की. मी ऊस तोडीन. पण तोडलेला ऊस पिळणार कोण? तू? तुझी कंबर बघ. दोऱ्याएवढी आहे. घाण्याला रेडा लागतो. आधी रेडा, मग मी."

आणि उंदीर बिळात गेला.

इकडं ऊस सुकत होता. सूर्य सरकत होता.

बारक्या निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

जांभळीखाली बसायचा रेडा. त्याच्या शेजारी एक जुना घाणा होता. लाकडी घाणा, ऊस पिळायचा. रेडा दिवसभर रवंथ करायचा. चपक चपक. आणि मध्येच श्वास सोडायचा. फूंऽऽ.

बारक्या म्हणाला, "रेडेदादा, रेडेदादा, भागीदार व्हा. घाणा फिरवा.

रेडा फिरवेल घाणा, मग उंदीर तोडेल ऊस.
उंदीर तोडेल ऊस, मग माझा होईल गूळ."

रेडा म्हणाला, "फूंऽऽ. कोण बोललं?"

"मी. खाली बघा."

"अजून खाली?"

"अजून खाली."

रेड्यानं खाली बघितलं. "हां, मुंगळा होय. मी घाणा फिरवीन. मला दुसरं काम तरी काय आहे? पण रस निघाल्यावर तो धरणार कशात? काहील कुठाय? मातीत ओतायला मी घाणा फिरवत नाही. काहील खेकड्याकडं आहे. आधी खेकडा, मग मी."

आणि रेड्यानं डोळे मिटले. चपक चपक.

रेड्याला शिंगं होती. रेड्याला मान होती. रेड्याला काम नव्हतं. पण रेड्याला अट होती.

इकडं ऊस सुकत होता. सूर्य सरकत होता.

बारक्या निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

पाटाच्या कडेला राहायचा खेकडा. त्याच्याकडं होती काहील. काहील म्हणजे रस उकळायची पसरट कढई. ही कुणीतरी टाकून दिलेली होती. एका बाजूला चेपलेली. खेकडा तिच्याखाली राहायचा आणि तिरका तिरका चालायचा. खटक खटक, खटक खटक.

बारक्या म्हणाला, "खेकडेकाका, खेकडेकाका, भागीदार व्हा. काहील मांडा.

खेकडा मांडेल काहील, मग रेडा फिरवेल घाणा.
रेडा फिरवेल घाणा, मग उंदीर तोडेल ऊस.
उंदीर तोडेल ऊस, मग माझा होईल गूळ."

खेकडा डावीकडं गेला. खटक खटक. खेकडा उजवीकडं गेला. खटक खटक. मग म्हणाला, "काहील देईन. पण हे माझं घर आहे, बरं का. घर उचलून चुलीवर ठेवायचं, आणि खाली जाळच नसला तर? मी उघड्यावर, काहील गार, आणि गावभर हसू. सरड्याला सांग जाळ घालायला. आधी सरडा, मग मी."

आणि खेकडा काहिलीखाली शिरला.

इकडं ऊस सुकत होता. सूर्य सरकत होता.

बारक्या निघाला. पण आता त्याला कोडं पडलं. एक भागीदार शोधायला निघालो, तर दुसरा शोधावा लागतो. दुसरा शोधला, तर तिसरा. हे असंच असतं का? असेल बाबा असंच. तुरुतुरु, तुरुतुरु.

विटांच्या ढिगावर राहायचा सरडा. त्याला ऊब आवडायची. विटांच्या फटीत त्यानं एक निखारा जपून ठेवला होता. सरडा बोलायच्या आधी मान हलवायचा. डुगूडुगू, डुगूडुगू.

बारक्या म्हणाला, "सरडेभाऊ, सरडेभाऊ, भागीदार व्हा. जाळ घाला.

सरडा घालेल जाळ, मग खेकडा मांडेल काहील.
खेकडा मांडेल काहील, मग रेडा फिरवेल घाणा.
रेडा फिरवेल घाणा, मग उंदीर तोडेल ऊस.
उंदीर तोडेल ऊस, मग माझा होईल गूळ."

सरड्यानं मान हलवली. डुगूडुगू. बारक्याला वाटलं, हो म्हणाला. पण सरडा हो म्हणाला नव्हता. नाहीही म्हणाला नव्हता. सरड्याची मान हलतच असते.

"जाळ घालीन," सरडा म्हणाला. "पण जाळ थांबवायचा कधी, ते कोण सांगणार? गूळ कच्चा राहिला, तर सरड्याचं नाव. गूळ करपला, तरी सरड्याचं नाव. पाक बघायला मधमाशी आजी पाहिजे. आधी मधमाशी, मग मी."

डुगूडुगू, डुगूडुगू.

इकडं ऊस सुकत होता. सूर्य सरकत होता.

बारक्या निघाला. त्याचे पाय दुखले. तरी निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु.

शेवग्याच्या झाडावर राहायची मधमाशी आजी. तिला गोडातलं सगळं कळायचं. नुसत्या वासावर सांगायची, पाक कच्चा की पक्का. ती सारखी गुणगुणायची. गूं गूं, गूं गूं.

बारक्या झाडावर चढला. वर, वर, अजून वर. तो धापा टाकत म्हणाला, "मधमाशी आजी, मधमाशी आजी, भागीदार व्हा. पाक बघा.

मधमाशी बघेल पाक, मग सरडा घालेल जाळ.
सरडा घालेल जाळ, मग खेकडा मांडेल काहील.
खेकडा मांडेल काहील, मग रेडा फिरवेल घाणा.
रेडा फिरवेल घाणा, मग उंदीर तोडेल ऊस.
उंदीर तोडेल ऊस, मग माझा होईल गूळ."

आजी म्हणाली, "गूं गूं. शहाणा माझा मुंगळा. पाक मी बघीन. माझ्यासारखा पाक कोण बघणार? पण बाळा, ऊस तोडलाय का?"

"नाही, आजी."

"मग पाक कसला बघू? हवेचा? उंदराला सांग ऊस तोडायला. आधी उंदीर, मग मी."

"पण आजी, उंदीर म्हणतो..."

आजी उडून गेली. गूं गूं, गूं गूं.

बारक्या झाडावरून उतरला. खाली, खाली, अजून खाली. उंदराकडं गेला. तुरुतुरु, तुरुतुरु.

बारक्या म्हणाला, "उंदीरमामा, उंदीरमामा, ऊस तोडा.

उंदीर तोडेल ऊस, मग मधमाशी बघेल पाक.
मधमाशी बघेल पाक, मग सरडा घालेल जाळ.
सरडा घालेल जाळ, मग खेकडा मांडेल काहील.
खेकडा मांडेल काहील, मग रेडा फिरवेल घाणा.
रेडा फिरवेल घाणा, मग उंदीर तोडेल ऊस.
उंदीर तोडेल ऊस, मग मधमाशी बघेल पाक.
मधमाशी बघेल पाक, मग सरडा..."

बारक्या थांबला. हे तर संपतच नाही.

उंदीर म्हणाला, "रेडा आला का?"

"नाही."

"मग परत कशाला आलास? सांगितलं ना. आधी रेडा, मग मी."

बारक्या उसापाशी आला. सूर्य खाली गेला होता. ऊस तसाच पडला होता. त्याची एक कड सुकून पिवळी झाली होती.

बारक्याला काही कळेना. आधी कोण? उंदीर. उंदराच्या आधी? रेडा. रेड्याच्या आधी? खेकडा. खेकड्याच्या आधी? सरडा. सरड्याच्या आधी? मधमाशी. मधमाशीच्या आधी? उंदीर. म्हणजे उंदराच्या आधी उंदीर?

बारक्या गोल फिरला. गरगर, गरगर. आधी कोण? मग कोण? गरगर, गरगर.

त्यानं चालायला पाय उचलला. पण कुठला उचलायचा? मुंगळ्याला पाय सहा.

पहिला पाय म्हणाला, आधी दुसरा, मग मी.
दुसरा पाय म्हणाला, आधी तिसरा, मग मी.
तिसरा म्हणाला, आधी चौथा. चौथा म्हणाला, आधी पाचवा. पाचवा म्हणाला, आधी सहावा.
आणि सहावा म्हणाला, आधी पहिला.

बारक्या धप्पकन पडला. तोंडावर. उसावर.

तिथंच तो पडून राहिला. आणि त्याला राग आला. लाल लाल राग. कुणाचा आला? उंदराचा आला. रेड्याचा आला. खेकड्याचा, सरड्याचा, मधमाशीचा आला. आणि थोडासा स्वतःचाही आला.

"सकाळपासून सगळ्यांना मी विचारलं," बारक्या म्हणाला. "आधी कोण, आधी कोण. एकाला विचारायचं राहिलंच. मला."

त्यानं स्वतःला विचारलं, "बारक्या, ऊस तोडतोस?"

बारक्या म्हणाला, "तोडतो. जमेल तेवढा तोडतो."

आणि त्यानं उसाला चावा घेतला. कट.

ऊस टणक. काही झालं नाही. पुन्हा चावा घेतला. कट. काही झालं नाही. कट, कट, कट. तरी काही नाही. बारक्या थांबला नाही. कट, कट, कट, कट.

आणि साल फुटली. इवलीशी. राईएवढी. तिच्यातून आला एक थेंब. रसाचा. टप्प.

बिळातून उंदराचं नाक बाहेर आलं. मग मिशा आल्या. मग डोळे आले.

"अरे, अरे, अरे," उंदीर म्हणाला. "हे काय करतोस? शेंड्याकडून चावतोस? ऊस कधी शेंड्याकडून तोडतात का? शेंडा अळणी. गोडी सगळी बुडख्यात. बुडखा म्हणजे मुळाकडचा भाग, लेका."

"मला काय माहीत," बारक्या म्हणाला, आणि चावत राहिला. कट, कट.

"अरे तिथं नको. इकडून. अरे, पेरावर चावू नकोस, पेर टणक असतं. सरक. सरक बघू. मला बघवत नाही हे."

उंदीर बिळाबाहेर आला. त्यानं बुडख्याला दात लावले. कुरुम कुरुम. एक तुकडा. कुरुम कुरुम. दोन तुकडे. रेडा आला की नाही, हे विचारायचं तो विसरूनच गेला.

कुरुम कुरुम आवाज शेवग्यावर गेला. रसाचा वास शेवग्यावर गेला. मधमाशी आजी खाली आली. गूं गूं.

"ऊस तोडला होय? मग मला आधी नाही का सांगायचं?"

बारक्या बघतच राहिला.

मधमाशी आली, ते सरड्यानं बघितलं. सरडा म्हणाला, "मधमाशी आली होय? मग मला आधी नाही का सांगायचं?" त्यानं निखारा आणला. तीन विटा लावल्या. खाली पाचट घातलं, उसाची वाळलेली पानं. निखाऱ्यावर फुंकर मारली. फूऽऽ. भक्क. जाळ झाला.

जाळ झाला, ते खेकड्यानं बघितलं. खेकडा म्हणाला, "जाळ झाला होय? मग मला आधी नाही का सांगायचं?" त्यानं काहील पाण्यातून खळबळून काढली. पाठीवर घेतली. खटक खटक, खटक खटक. चुलीवर मांडली. ठण्ण.

ठण्ण आवाज झाला, तो रेड्यानं ऐकला. रेडा म्हणाला, "फूंऽऽ. काहील मांडली होय? मग मला आधी नाही का सांगायचं?" तो उठला. आख्खा उठला. घाणा ओढत आणला आणि काहिलीशेजारी लावला. मग फिरला. घर्रर्र, घर्रर्र.

बारक्यानं घेतला चावा, मग उंदरानं तोडला ऊस.
उंदरानं तोडला ऊस, मग मधमाशी आली पाकाला.
मधमाशी आली पाकाला, मग सरड्यानं घातला जाळ.
सरड्यानं घातला जाळ, मग खेकड्यानं मांडली काहील.
खेकड्यानं मांडली काहील, मग रेड्यानं फिरवला घाणा.
रेड्यानं फिरवला घाणा, आणि रस आला रस.

रस आला धो धो. रस पडला काहिलीत. रस तापला. रस उकळला. बुडबुड, बुडबुड, बुडबुड. वर फेस आला. खेकड्यानं नांगीनं फेस काढला. रस आटला. लालसर झाला. घट्ट झाला.

सरडा म्हणाला, "झाला का?"

आजी म्हणाली, "थांब."

"आता झाला?"

"थांब म्हणते ना. मान हलवू नकोस, मला गरगरतं."

आजीनं पाकाचा एक थेंब गार पाण्यात टाकला. टुप्प. थेंबाची गोळी झाली. कडक गोळी. टण्ण वाजली.

"उतरवा," आजी म्हणाली.

सगळ्यांनी काहील उतरवली. पाक सपाट दगडावर ओतला. पाक थंड झाला. पिवळा पिवळा, गोड गोड गूळ झाला. सूर्य अजून मावळायचा होता.

आता गूळ खायचा. आधी कोण?

उंदीर म्हणाला, "आधी मी. ऊस मी तोडला."

रेडा म्हणाला, "आधी मी. घाणा मी फिरवला."

खेकडा म्हणाला, "आधी मी. घर माझं गेलं."

सरडा म्हणाला, "आधी मी. जाळ माझा."

सकाळी सगळे म्हणत होते, आधी तो. आता सगळे म्हणत होते, आधी मी. बारक्याचं डोकं पुन्हा गरगरायला लागलं.

"गप्प बसा," मधमाशी आजी म्हणाली. "गुऱ्हाळाची रीत ठाऊक आहे ना? पाक बघणाऱ्यानं पहिला खडा गुऱ्हाळाच्या मालकाला द्यायचा. मी पाक बघितला. आता मालक कोण ते सांगा. तुम्ही सगळे हात बांधून बसला होता. मीही बसले होते. तेव्हा उसाला पहिला दात कुणी लावला?"

उंदीर जमिनीकडं बघू लागला. रेडा आभाळाकडं बघू लागला. खेकडा तिरका झाला. सरड्याची मान, पहिल्यांदाच, हलायची थांबली.

"बारक्यानं," सगळे हळूच म्हणाले.

आजीनं पहिला खडा बारक्यापुढं ठेवला. तिळाएवढा नाही. बोराएवढा. बारक्यापेक्षा मोठा.

"खा, मालक," आजी म्हणाली. "तुझं झालं की मग आम्ही."

बारक्यानं खड्याला एक चक्कर मारली. तुरुतुरु, तुरुतुरु. मग तो वर चढून बसला. त्यानं मिशा साफ केल्या. आणि खायला लागला.

खडा केवढा, तोंड केवढं.

उंदीर थांबला. मधमाशी थांबली. सरडा थांबला. खेकडा थांबला. रेड्याच्या तोंडातून लाळ गळली, टप्प टप्प, पण रेडा थांबला.

बारक्यानं अजिबात घाई केली नाही.

रस आटला, गूळ झाला,
गोष्टीचा खडा तोंडात गेला.